गोदाकाकूंना फोन द्या

चहाचा कप हातात घेतलात? बिस्किट बुडवून झालं? मग ऐका. फक्त आधी एक कबूल करा, की ऐकून झाल्यावर मला वेड्यांच्या इस्पितळाचा पत्ता देणार नाही. गेल्या चैत्रात मी जो गाढवपणा केला, तो करायला सातवी नापासच माणूस लागतो. जास्त शिकलेल्यांचं डोकं इतक्या लांबवर चालत नाही.

मला अख्ख्या काचीगुड्यात नाना म्हणतात. स्टेशनच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर राहतो. गाडी आली की आमच्या घरातली भांडी वाजतात. जन्म रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेला, त्यातला अर्धा कामात आणि अर्धा लोकांची फिरकी घेण्यात. आमच्या मोठ्या साहेबाला मी त्याच्या बायकोच्या आवाजात फोन करायचो, “अहो, येताना जरा कोथिंबीर आणा.” तो बिचारा कोथिंबीर घेऊन घरी जायचा. घरी आधीच दोन जुड्या! दुसऱ्या दिवशी त्याचं तोंड बघायला मी मुद्दाम लवकर कामावर जायचो. लवकर जायचं दुसरं कारण मला आयुष्यात कधी सापडलं नाही.

तर पार्सल ऑफिसात ज्या पेट्या कुणी सोडवायला येत नसे, त्यांचा लिलाव व्हायचा. लोक पंखे घ्यायचे, सायकली घ्यायचे. मी घेतला चिनी मातीचा टी-सेट. पांढराशुभ्र, काठाला निळी वेल, आणि कपाचा कान इतका नाजूक की माझं बोट घातलं तर कापूनच काढावं लागेल. घरी आणला. आमची सुमन कमरेवर हात ठेवून उभी.

“सहा कप? आपल्याकडे येतं कोण?”

“अगं, आधी कप येतात, मग माणसं येतात.”

माणसं फारशी आली नाहीत. कप मात्र येत राहिले. दर गुरुवारी मी जुमेरात बाजारात. तिथे पडक्या नवाबी देवड्यांतलं, म्हणजे जुन्या वाड्यांतलं, सामान जमिनीवर चादर पसरून विकतात. एक किटली, तिचं झाकण दुसरीकडे, बश्या तिसऱ्याकडे. जुळवत बसायचो. असे नऊ सेट झाले. सुमन आधी ओरडली, मग तीच फितूर झाली. तिला लागल्या बाहुल्या. चैत्रगौरीच्या आराशीला बाहुल्या हव्यात म्हणून एक आणली, दोन आणल्या, आणि मग गौर कोपऱ्यात आणि बाहुल्याच बाहुल्या! आमची आरास बघायला विद्यानगरहून बायका यायच्या. आंब्याची डाळ, पन्हं, हळदीकुंकू, आणि घरात नुसता कलकलाट. मला स्वयंपाकघरात कोंडून ठेवायचे, कारण मी बायकांच्या पन्ह्यात मीठ टाकतो अशी माझी ख्याती होती. खोटी नव्हती.

पुढे सरकारने बाजार उघडला. घरोघर परदेशी चॅनेल, नाक्यानाक्यावर आयएसडीचे बूथ, आणि हिमायतनगरच्या दुकानांतून विलायती बाहुल्यांची रांग. सोनेरी केस, निळे डोळे. सुमन त्याही आणायची. पण कपाळ मोकळं बरं दिसत नाही म्हणून घरी आल्याबरोबर प्रत्येकीला लाल नेलपॉलिशची टिकली लावायची. मडमा असल्या तरी आमच्या घरात राहायचं तर सवाष्ण म्हणून!

त्याच वाऱ्यात आमचा शेखर कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेला. त्याला आता चार वर्षं झाली. आणि तीन वर्षांपूर्वी सुमन गेली. शेखरच्या व्हिसाचं काहीतरी अडलं होतं, त्याला येता आलं नाही. तिकडे त्याला मुलगी झाली. मी तिला फोटोत पाहिली आहे. फोटोत ती रडते आहे, म्हणजे चांगली तंदुरुस्त असावी.

हळदीकुंकू बाईचं असतं. बाई नसलेल्या घरात बायका कशाला येतील? तीन चैत्र गेले, आमच्या दाराची घंटा कुणी वाजवली नाही. शोकेसमध्ये चोपन्न कप, आणि मी चहा पितो स्टीलच्या ग्लासातून. कोण काढणार, कोण धुणार?

एवढ्यात गेल्या फाल्गुनात शेखरचा फोन आला. दोन-तीन महिन्यांतून एकदा यायचा, तो आला.

“बाबा, यंदा दिवाळीला नक्की येतो. तुम्ही एकटे आहात. मला इथे राहून राहून तेच वाटतं.”

मी म्हटलं, “ये. येताना कोथिंबीर आण.”

तो हसला नाही. लाईन खराब असावी.

पण मी त्या दिवसापासून कामाला लागलो! चोपन्न कपांवर तीन वर्षांची धूळ. पोर येणार, सून येणार, नात येणार, आणि स्टीलचा ग्लास पुढे करू? मी आमच्या कामवाल्या यादम्माला म्हटलं, “ये सब प्यालियाँ धो डाल.”

यादम्माने शोकेसकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदर खोचला. धुवायला नाही, भांडायला.

“क्या नाना! जिसमें कोई पीता नहीं, उसको धोना कैकू? झूठी प्याली धोना मेरा काम. शोकेस की प्याली धोना मेरा काम नहीं.”

कायदेशीर मुद्दा होता. पण मीही काही कमी नाही. उष्टे कप हवेत ना बाई तुला? घे!

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता मी टेबल मांडलं. निळ्या वेलीचे सहा कप काढले. आता सहा कप प्यायला सहा माणसं हवीत, काम नीट करायचं तर नीट करावं. सहा बाहुल्या आणून खुर्च्यांवर बसवल्या. पाच लहान, त्यांना उशा घातल्या. सहावी मोठी. ही एका देवडीतून आलेली, चांगली साडेतीन फुटी, डोकं आणि हात चिनी मातीचे, अंग कापडाचं, डावा पाय गुडघ्यात सैल झालेला. सुमनने तिचं नाव गोदावरी ठेवलं होतं आणि तिला स्वतःचं हिरवं इरकल दुमडून नेसवलं होतं. तिला वेताच्या खुर्चीत बसवली. चहा ओतला. आणि उगीच, गंमत म्हणून म्हटलं, “घ्या ना! लाजू नका. साखर कमी आहे का?”

सगळ्या हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत होत्या. तुम्हाला सांगतो, तीन वर्षांत माझ्याकडे इतकं लक्ष देऊन कुणी पाहिलं नव्हतं.

मग मी त्यांना मोठ्या साहेबाची कोथिंबीर सांगितली.

चहा वाया कसा घालवायचा? सहाही कप मीच प्यालो. दुसऱ्या दिवशी यादम्मा आली तर मोरीत सहा उष्टे कप! तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

“नाना, कौन आए थे?”

“मेहमान.”

“कित्ते?”

“गिन ले.”

तिने मोजले आणि मुकाट्याने धुतले. त्या दुपारी गुलाबी सेट. तिसऱ्या दिवशी सोनेरी काठाचा. नऊ दिवसांत नऊ सेट लखलखीत झाले. खरं म्हणजे इथे काम संपलं होतं. दहाव्या दिवशी टेबल मांडायची काही गरज नव्हती.

दहाव्या दिवशीही मांडलं.

आता यादम्मा आमच्याकडून निघते ती थेट समोरच्या पाटोदेकर वहिनींकडे जाते. आमच्या दारात आणि त्यांच्या दारात सहा पावलांचं अंतर, पण बातमी त्याहून लवकर पोचते. मी दूध घ्यायला दार उघडलं, तर वहिनी समोर उभ्याच.

“नाना, पाहुणे आलेत वाटतं?”

“हौ.”

“किती जण?”

“सहा जणी.”

“जणी?” वहिनींचा पदर खांद्यावरून डोक्यावर गेला. “आवाज तर नुसता तुमचाच येतो.”

“त्या बोलत नाहीत फारशा. तुम्हाला अशा बायका पाहण्यात नसतील, म्हणून नवल वाटलं.”

वहिनींनी दार आपटलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! संध्याकाळी पाटोदेकर स्वतः आले, “नाना, जरा पक्कड आहे का?” त्यांच्या घरी दोन पकडी आहेत, मीच दिलेल्या. खालच्या मजल्यावरचे लोक आले, कुणाला साखर हवी, कुणाला आजची तारीख. तीन वर्षांची मुकी घंटा, एका आठवड्यात घसा बसेपर्यंत वाजली! मी सगळ्यांना दारातच उभं करून घ्यायचो, आत पडदा ओढलेला, आणि यादम्मालाही मोरीच्या पलीकडे जाऊ देत नव्हतो. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कोण सांगेल की आत बाहुल्या आहेत म्हणून?

पण रोज सहा कप चहा! माझी छाती अशी जळायला लागली की विचारू नका. डॉक्टर म्हणाला चहा कमी करा. म्हणून मी पाच जणींना परत शोकेसमध्ये बसवलं आणि एकट्या गोदावरीला ठेवलं. वहिनींनी विचारलं, तर खरं तेच सांगितलं, “पाच गेल्या परत. एक राहिल्यात.”

ही माझी चूक. सहा पाहुण्या म्हणजे पाहुण्याच. एक राहिली की तिचं काहीतरी होतं!

तोवर चैत्र आला. वहिनींकडे हळदीकुंकू. शेजारच्या घरात बाई उतरलेली असताना तिला सोडून कसं चालेल? पण बोलवायचं तर आधी एक गोष्ट माहीत हवी, आणि ती विचारणं म्हणजे अवघड. वहिनी दारात येऊन आधी उन्हाळ्याबद्दल बोलल्या, मग पाण्याबद्दल, मग कैरीच्या भावाबद्दल.

“नाना, त्या तुमच्याकडच्या... नाव काय म्हणालात?”

“गोदावरी.”

“हां, गोदाताई. त्या... म्हणजे... कुंकू लावतात ना?”

मी पडद्याआड जाऊन पाहून आलो. गोदावरीच्या कपाळावरचं नेलपॉलिश चकाकत होतं.

“लावतात की! चांगलं ठसठशीत!”

“अगंबाई. मग त्यांचे यजमान?”

मंडळी, इथे थांबायला हवं होतं. इथे म्हणायला हवं होतं, वहिनी, आत या, दाखवतो गंमत. पण मला हसू फुटायला लागलं. ते लपवायला मी मान खाली घातली. हसू लपवायला घातली हो! वहिनींना वाटलं, मी लाजलो.

नवरा कुठे दिसत नाही, कुंकू मात्र ठसठशीत, आणि राहते कुठे तर विधुर माणसाच्या घरात. वहिनींनी मनातल्या मनात हिशोब केला, आणि त्यांच्या हिशोबात एकच नवरा शिल्लक राहत होता. मी.

“असं होय,” वहिनी हळूच म्हणाल्या. आणि गेल्या.

संध्याकाळी वहिनी ओटीचं ताट घेऊन हजर! नारळ, खण, तांदूळ, आंब्याची डाळ, पन्ह्याचा तांब्या. मागे आणखी चार बायका, माना उंच करून.

“गोदाताई येत नाहीत का बाहेर?”

“पाय अधू आहे त्यांचा. गुडघ्यात. उभं राहवत नाही.” हेही खरंच होतं!

तेवढ्यात स्टेशनात गाडी आली आणि वाऱ्याने पडदा हलला. वेताच्या खुर्चीची पाठ दिसली, डोक्यावरून घेतलेला हिरवा पदर दिसला. वहिनी निरखून बघायला लागल्या.

“सुमनताईंचं इरकल आहे ना ते?”

मला पटकन विनोद सुचेना. असं माझं सहसा होत नाही.

“बरं केलंत, नाना,” वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. “पेटीत पडून कसर लागण्यापेक्षा... बरं केलंत. आता तुम्ही एकटे नाही.” आणि ताट माझ्या हातात देऊन पाचही बायका पाय न वाजवता निघून गेल्या.

मी आत आलो. ताट गोदावरीपुढे ठेवलं, तिने खाल्लं नाही. मग मीच बसलो. तीन वर्षांत आंब्याची डाळ खाल्ली नव्हती. संपवली. पन्ह्यात मीठ बरोबर होतं.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी तरी सांगायचं. हो, पण दुसऱ्या दिवशी खालच्यांनी शिरा पाठवला, ‘नव्या काकूंना’. तिसऱ्या दिवशी पाटोदेकरांनी माझा हात हातात घेऊन, “नाना, हिंमत केलीत,” असं म्हटलं. चौथ्या दिवशी वहिनींनी पायाला लावायचं तेल दिलं. मी ते माझ्या गुडघ्याला लावलं, गुण आला. आता कुठल्या तोंडाने सांगू? दोन महिने असे गेले. आणि माझ्या मनात काय होतं सांगू का? दिवाळीला शेखर येईल. त्याच्यासमोर पडदा बाजूला करीन, सगळ्या इमारतीला बोलवीन, आणि एकदाच असा हशा पिकवीन की सुमनच्या आराशीलासुद्धा एवढी गर्दी झाली नसेल!

वहिनींकडे शेखरचा नंबर होता. अडीअडचणीला असू दे म्हणून मीच दिलेला. त्यांना ही अडचण वाटली. नाक्यावरच्या बूथवर जाऊन, पदरचे पैसे घालून, त्यांनी अमेरिकेला फोन लावला.

त्या रविवारी सकाळी माझा फोन वाजला.

“बाबा.”

“बोल रे!”

“पाटोदेकर काकूंनी सांगितलं मला.”

मला वाटलं, आता हा चिडणार, ओरडणार. मग मी सांगीन, गाढवा, बाहुली आहे ती! मग तो हसेल. मी तोंड उघडलंच होतं.

“बाबा, बरं केलंत,” तो म्हणाला. “खरंच बरं केलंत. मी रात्री नीट झोपलो काल. किती वर्षांनी.”

उघडलेलं तोंड मी मिटलं.

“आहेत का त्या? फोन द्या ना त्यांना.”

“कुणाला?”

“गोदाकाकूंना. बाबा, थट्टा नको. मला त्यांच्याशी बोलायचंय.”

मी गोदावरीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघून हसत होती, ती नेहमीच हसते. आता सांगा, मी काय करणार होतो? पोरगा कालच कुठे नीट झोपला होता. मी रिसीव्हरवर हात ठेवला, घसा साफ केला, आणि चाळीस वर्षांपूर्वीची साहेबाची बायको गळ्यातून बाहेर काढली.

“हॅलो... कोण, शेखर का?”

“नमस्कार काकू. मी... काय बोलावं कळत नाही मला.”

“बोल ना बाळा, घरचंच समज.” आवाज अजून मस्त लागत होता! एका बाजूने मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

“काकू, बाबा तिथेच आहेत का?”

“आहेत की. इथेच बसलेत.”

“त्यांना जरा बाहेर पाठवाल? मला तुमच्याशी एकटीशी बोलायचंय.”

बरं का मंडळी, माणसाला घराबाहेर काढणारी माणसं मी खूप पाहिली. पण स्वतःला कुणी काढल्याचं ऐकलंय? मी बाईच्या आवाजात म्हटलं, “अहो, जरा दूध बघून या ना.” माझ्या आवाजात म्हटलं, “आत्ताच तर आणलं!” परत बाईच्या आवाजात, “जा म्हटलं ना!” मग उठलो, चपला वाजवल्या, दार उघडलं, धाडकन आपटलं, आणि चपला काढून मांजरासारखा परत फोनपाशी आलो.

“गेले. बोल.”

“काकू, मी दिवाळीला येणार होतो. ते एकटे आहेत म्हणून येणार होतो. आता तुम्ही आहात. मुलीला कधीची समुद्रावर न्यायचीय, सुट्टी एवढीशीच मिळते. यंदा नाही येत आम्ही.”

गोदावरीच्या पुढ्यात चहा गार होत होता.

“अरे, ये रे,” मी म्हटलं. बाईच्याच आवाजात. “ते वाट बघतात तुझी.”

“बाबा? वाट?” शेखर हसला. कोथिंबिरीला हसला नव्हता, इथे हसला. “काकू, तुम्ही नवीन आहात म्हणून. त्यांनी मला एकदासुद्धा ये असं नीट म्हटलेलं नाही. फोन केला की नकला. आई गेली ना, त्या दिवशी मी इकडून फोन केला. मी रडत होतो. बाबा काय म्हणाले माहितीये? म्हणाले, ‘तुझी आई एकदाची माझ्या बोलण्यात मधे न बोलता पडलीय.’”

म्हणालो होतो. खोटं कशाला सांगू? तो तिकडे इतका रडत होता की मला वाटलं याला हसवायला हवं. दुसरं काही मला येत नाही.

“त्या दिवसापासून काकू, नंबर फिरवायचा म्हटलं की माझा हात थांबतो. हे मी कुणाला बोललो नाही.”

“त्यांना तसं म्हणायचं नव्हतं रे,” मी म्हटलं. “फोन ठेवल्यावर ते तिथेच जमिनीवर बसून राहिले होते. दिवे लागेपर्यंत.”

“तुम्हाला काय माहीत? तुम्ही येऊन दोन महिने झालेत.”

बरोबर होतं पोराचं.

“त्यांनी... त्यांनी सांगितलं मला.”

“बाबांनी? शक्यच नाही. तुम्ही फार चांगल्या आहात, काकू. मला त्यांच्याबद्दल बरं वाटावं म्हणून सांगताय. काकू, एक कराल? दिवाळीचं त्यांना एवढ्यात सांगू नका. मी नंतर सांगीन माझ्या पद्धतीने. नाहीतर पुन्हा एखादा विनोद करतील, आणि मला तो ऐकायचा नाहीये.”

“नाही सांगणार.”

“शब्द?”

“शब्द.”

त्यानंतर शेखरचा फोन दर रविवारी यायला लागला. दोन-तीन महिन्यांतून एकदा येणारा फोन, आता दर रविवारी सकाळी साडेसातला! माझ्याशी दोन मिनिटं, “कसे आहात, औषध घेता ना?” की लगेच, “गोदाकाकूंना फोन द्या.” मग वीस मिनिटं तिच्याशी. नोकरीची काळजी, बायकोशी झालेलं भांडण, मुलीचे हट्ट. तिला सगळं सांगतो. मी दर रविवारी दूध बघायला जातो, आणि दार इतक्या वेळा आपटलंय की बिजागरी सुटायला आली. मागच्या रविवारी तर नातीला फोनवर आणलं. ती म्हणाली, “आजी!” मी म्हटलं, “ओ!” दुसरं काय म्हणू?

दरम्यान माझ्या वाटणीच्या दोन मिनिटांत मी त्याला विचारून पाहतो. पहिल्यांदाच, एकही नक्कल न करता. “शेखर, दिवाळीची तिकिटं काढलीस का?” तो म्हणतो, “बघतो बाबा.” आणि मी काही बोलत नाही. कारण ‘मी नाही येत’ हे त्याने ज्या बाईला सांगितलंय, तिने शब्द दिला आहे. आणि बाई मोठी शब्दाची पक्की निघाली. घरात दोघंच आम्ही, रात्रंदिवस समोरासमोर, तरी तिने अजून मला पत्ता लागू दिलेला नाही.

परवा मी रंगाऱ्याला बोलावलं. दिवाळी आठ दिवसांवर आली. पुढच्या खोलीला पिवळा, आतल्या खोलीला गुलाबी, लहान मुलांना गुलाबी आवडतो असं दुकानदार म्हणाला. रंगाचा वास जिन्यापर्यंत गेला, तशा वहिनी बाहेर आल्या.

“काय नाना, सगळं घर रंगवताय! शेखर येतोय वाटतं?”

“हो तर!” मी म्हटलं. “दिवाळीला येतो म्हणालाय. मला तरी अजून कुणी नाही म्हणून सांगितलेलं नाही.”